फूझेरचा मुलगा : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात फ्रेंच फुटबॉलपटू एदुआर्दो कामाविंगा याच्या सुरुवातीच्या वर्षांवर मी दोन पानं लिहिली होती. निर्वासितांच्या छावणीत जन्म, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या फूझेर गावात बालपण, रेन क्लबकडून सोळाव्या वर्षी पदार्पण आणि अठराव्या वर्षी रेआल माद्रिद, एवढा तो आवाका. कामानिमित्त मी चार वर्षं रेन शहरात राहिले आणि त्या काळात हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर खेळाडू झाला. त्यामुळे लेख जरा आपलेपणाने लिहिला गेला होता. पत्रंही तशीच आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते, आणि एका आईचं पत्र, इथे घेते आहे.

आई-वडील काँगोचे, जन्म अंगोलातला, नाव पोर्तुगीज वळणाचं. मग तो फ्रान्सकडून कसा खेळतो? (एक शाळकरी वाचक)

मित्रा, तुझा गोंधळ स्वाभाविक आहे. नकाशा उघड आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काबिंदा शोध. अंगोलाचा हा तुकडा उरलेल्या देशापासून तुटलेला आहे, मध्ये काँगोची जमीन येते. युद्धामुळे घर सोडलेल्या काँगोच्या माणसांची तिथल्या मिकोन्जे गावात छावणी होती. १० नोव्हेंबर २००२ रोजी एदुआर्दो तिथे जन्मला. अंगोलात पोर्तुगीज चालते, त्यामुळे नाव एदुआर्दो. तो अगदी लहान असतानाच कुटुंब फ्रान्सला आलं आणि पुढे फूझेरमध्ये स्थिरावलं.

आता नियमाचं. क्लबकडून खेळायला त्या देशाचं नागरिकत्व लागत नाही, राष्ट्रीय संघाकडून खेळायला लागतं. एदुआर्दोला फ्रेंच नागरिकत्व मिळालं ५ नोव्हेंबर २०१९ रोजी, सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना. म्हणजे रेनकडून तो पहिला सामना खेळला, पॅरिसच्या बलाढ्य संघाला हरवण्यात त्याने मोठा वाटा उचलला, फ्रान्सभर वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, तेव्हा कागदोपत्री तो फ्रेंच नव्हता. नागरिकत्वाची बातमी आली आणि काही दिवसांतच फ्रान्सच्या २१ वर्षांखालच्या संघाचं बोलावणं आलं. त्याला फ्रान्सशिवाय दुसरं गाव आठवतच नव्हतं, हे मात्र लक्षात ठेव. शाळा फूझेरची, मित्र फूझेरचे, पहिला चेंडू फूझेरचा. कागद मागून आला.

त्याचं घर जळालं होतं हे खरं का? की प्रसिद्धीसाठी रंगवलेली गोष्ट?

खरं आहे. २०१३ साल. कुटुंब नव्या घरात नुकतंच राहायला गेलं होतं. आग लागली तेव्हा मुलं शाळेत होती. सामानसुमान गेलं, छप्पर गेलं. एदुआर्दो तेव्हा दहा वर्षांचा होता. फूझेरचा छोटा क्लब, त्याचं नाव द्रापो, आणि गावातली माणसं कुटुंबाच्या मागे उभी राहिली.

फूझेर मी पाहिलं आहे. रेनपासून पन्नासेक किलोमीटरवर, मध्ययुगीन किल्ल्याचं गाव. एके काळी जोड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं, आता ते कारखाने जवळजवळ नाहीतच. लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास. एवढ्या गावात कुणाचं घर जळालं तर ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते पोर रोज संध्याकाळी मैदानावर दिसत असेल तर जास्तच.

आगीनंतर वडिलांनी त्याला सांगितलं की, कुटुंबाची आशा तूच आहेस, तूच आपल्याला वर काढशील. ही गोष्ट सगळीकडे छापून येते आणि वाचणाऱ्याला भरून येतं. मला मात्र ती वाचताना दरवेळी काळजी वाटते. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे केवढं ओझं! एदुआर्दोने ते पेललं, म्हणून आज आपण ते कौतुकाने सांगतो. ज्यांना असंच सांगितलं गेलं आणि ज्यांना पेललं नाही, अशी मुलं मी त्याच प्रांतातल्या मैदानांवर पाहिली आहेत. सोळाव्या वर्षी अकादमीतून नाव कमी होतं, आणि घरी जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न त्यांना खेळापेक्षा मोठा होतो. त्या वडिलांना मी दोष देत नाही. सगळं गमावलेल्या माणसाच्या तोंडून ते निघालं होतं. पण आपल्यापैकी कुणी हे वाक्य उचलून स्वतःच्या मुलाला ऐकवू नये, एवढं मनापासून सांगते.

एक हलकी गोष्टही सांगायला हवी. एदुआर्दो आधी जूडो करायचा. फुटबॉलकडे तो वळला तो आईमुळे. पठ्ठ्या घरात चेंडू मारून वस्तू फोडायचा, म्हणून आईने त्याला मैदानावर नेऊन घातलं.

सोळाव्या वर्षी व्यावसायिक करार, हे शोषण नव्हे का? शाळेचं काय झालं? (तीन वाचकांनी विचारलं)

शंका रास्त आहे आणि उत्तर थोडं लांबेल.

फ्रान्समध्ये १९७३ पासून व्यावसायिक फुटबॉलची एक सनद आहे. तिच्यामुळे व्यावसायिक क्लबांना स्वतःचं प्रशिक्षण केंद्र चालवणं भाग पडलं. अशा केंद्राला सरकारची मान्यता लागते, आणि केंद्रात खेळाबरोबर शिक्षण द्यावंच लागतं. मुलगा एकदम ‘प्रो’ होत नाही. आधी ‘आस्पिराँ’ नावाचा करार असतो, मग ‘स्ताजिएर’ म्हणजे उमेदवारीचा, मग पूर्ण व्यावसायिक. काहींच्या वाट्याला मधल्या पायऱ्या कमी येतात. एदुआर्दो त्यांतला. अकराव्या वर्षी तो रेनच्या अकादमीत आला आणि डिसेंबर २०१८ मध्ये, सोळा पूर्ण होऊन महिना झाला असताना, त्याने व्यावसायिक करारावर सही केली. एवढ्या लहान वयात रेनने तोवर कुणाशी तसा करार केला नव्हता.

शाळा सुटली नाही. रेन क्लबची स्वतःची शाळा आहे, ओदोरिको नावाची. वर्ग आणि सराव यांचं वेळापत्रक एकमेकांत बसवलेलं असतं. २०२० च्या उन्हाळ्यात एदुआर्दो ‘बाक’ म्हणजे फ्रान्सची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, तीही अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय घेऊन. त्या वर्षी साथीमुळे लेखी परीक्षा झाल्याच नाहीत, वर्षभराच्या गुणांवर निकाल लागला. म्हणजे त्याला वर्षभर अभ्यास करावा लागला होता. आदल्याच मोसमात तो पहिल्या श्रेणीतले सामने खेळत होता, हे ध्यानात घ्या. रविवारी लियाँच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत विजयी गोल करायचा (१५ डिसेंबर २०१९, व्यावसायिक कारकिर्दीतला त्याचा पहिला गोल) आणि त्याच आठवड्यात वर्गातही बसायचं.

शोषण होतच नाही, असं मी म्हणणार नाही. वर्गातल्या बहुतेक मुलांना शेवटी व्यावसायिक करार मिळत नाही, आणि तरी सगळ्यांची उमेदीची वर्षं तिथे जातात. म्हणूनच शाळेची सक्ती मला त्या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. माझ्या इमारतीत एक तरुण राहायचा. एका क्लबच्या केंद्रातून सतराव्या वर्षी तो बाहेर पडला होता. हातात ‘बाक’ होती, म्हणून त्याला फिजिओथेरपीच्या शिक्षणाकडे वळता आलं. क्लबविषयी त्याच्या मनात कडवटपणा होता. पण ज्या बाईंनी त्याला गणिताला जबरदस्तीने बसवलं, त्यांची आठवण तो दर वेळी काढायचा.

पॅरिसविरुद्धचा तो सामना तुम्ही मैदानात बसून पाहिला, असा एक ओझरता उल्लेख लेखात होता. सविस्तर सांगाल का?

सांगते, आनंदाने. १८ ऑगस्ट २०१९, रविवार, रात्री नऊची वेळ. माझ्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्यांच्याकडे दोन जागांचा मोसमी पास होता. नातू सुट्टीवर गेला होता, म्हणून त्याची जागा मला मिळाली. रोआझोन पार्क हे मैदानाचं नाव. रोआझोन म्हणजे ब्रेतॉन या ब्रिटनीच्या भाषेत रेन. बाहेर सगळे ‘गालेत-सोसिस’ खात उभे होते. कुट्टूच्या पिठाचं थंड धिरडं आणि त्यात गुंडाळलेलं गरम सॉसेज. रेनचा माणूस त्याशिवाय सामन्याला जात नाही.

चार महिन्यांपूर्वीच, एप्रिलमध्ये, रेनने याच पॅरिसला फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टींवर हरवलं होतं. १९७१ नंतरचा तो पहिला मोठा चषक. त्यामुळे गाव अजून त्याच धुंदीत होतं. आणि त्याच एप्रिलच्या ६ तारखेला आँजेविरुद्धच्या ३-३ बरोबरीत, अगदी शेवटच्या क्षणी, कामाविंगा नावाचा पोरगा बदली म्हणून आला होता. बहुतेकांच्या तो लक्षातही राहिला नसेल. आजोबांच्या राहिला होता.

पहिला गोल पॅरिसने केला, कावानीने. मध्यंतराच्या अगदी आधी नियांगने बरोबरी साधली. दुसरा अर्धा सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली असतील. कामाविंगाने डाव्या पायाने चेंडू गोलसमोर टाकला, देल कास्तियोने डोकं लावलं, २-१. तो पास मी पाहिला तेव्हा मला त्याची थोरवी कळली नाही, खरं सांगते. आजोबांनी माझ्या दंडाला धरून मला दाखवलं ते दुसरंच. पास देण्याआधी त्या मुलाने मान वर करून पाहिलं होतं. समोर एमबाप्पे, व्हेराती, मार्किन्योससारखी माणसं, आणि सोळा वर्षं नऊ महिन्यांचा मुलगा घाई करत नाही. त्या रात्री उरलेला सगळा वेळ मी चेंडू सोडून त्याच्याकडेच पाहत बसले. चेंडू येण्याआधी तो दोनदा, तीनदा मागे वळून बघायचा. चेंडू आला की त्याचं पुढचं ठरलेलं असायचं.

त्या महिन्यातला फ्रेंच लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. सामना संपल्यावर आजोबा बराच वेळ जागेवरून उठले नाहीत. पन्नास वर्षं ते या मैदानावर येत होते.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. अंगाने लहान आहे म्हणून दोन ठिकाणी निवड झाली नाही. कामाविंगाचं वाचून तो म्हणाला, ‘आई, त्या वयात तो रेनमध्ये होता, माझं आता संपलं.’ मी त्याला काय सांगू? (एक आई)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्याच लेखामुळे त्याला असं वाटलं, याचं वाईट वाटलं. मग त्याला आता मी काही तारखा देते. त्या तुम्ही त्याच्याबरोबर बसून वाचा.

८ सप्टेंबर २०२०, स्ताद द फ्रान्स, साथीचे दिवस. पोल पोग्बा आजारी पडला म्हणून कामाविंगाला संघात घेतलं होतं. क्रोएशियाविरुद्ध तो बदली म्हणून उतरला. युद्धोत्तर काळातला फ्रान्सचा सगळ्यात लहान खेळाडू, असा मोठा गाजावाजा झाला. पण मैदानातून बाहेर आला तो कोण? एन्गोलो कान्ते. हा कान्ते लहानपणी अकादम्यांच्या दारातून परत आला होता, कारण तोच, अंगाने लहान. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो पॅरिसजवळच्या स्युरेनच्या हौशी क्लबात खेळला. मग बुलोन क्लबचा राखीव संघ, मग तिसरी श्रेणी, आणि खेळता खेळता त्याने हिशेबनिशीचं शिक्षणही पूर्ण केलं. दुसऱ्या श्रेणीत तो नियमित खेळू लागला बावीसाव्या वर्षी. फ्रान्सकडून पहिला गोल पंचविसाव्या वाढदिवशी, रशियाविरुद्ध. दोन वर्षांनी विश्वविजेता. म्हणजे त्या संध्याकाळी सतरा वर्षांच्या मुलाने ज्याची जागा घेतली, तो सतराव्या वर्षी कुणाच्या गणतीतही नव्हता.

महिन्याभराने, ७ ऑक्टोबरला, युक्रेनविरुद्ध फ्रान्स ७-१ जिंकलं. पहिला गोल कामाविंगाचा, पाठ गोलकडे असताना हवेत उडी घेऊन मारलेला. त्या सामन्यात आणखी एक माणूस होता, ऑलिव्हिये जिरू, वय चौतीस. त्याचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, आणि दोन गोल करून तो त्या दिवशी प्लातिनीच्या ४१ गोलांच्या पुढे गेला. हाच जिरू एकविसाव्या वर्षी तिसऱ्या श्रेणीतल्या इस्त्रकडे उसना दिलेला खेळाडू होता. फ्रान्सची जर्सी त्याला पंचविसाव्या वर्षी मिळाली. आणि फ्रान्सचाच ग्रीझमन! अनेक फ्रेंच क्लबांनी त्याला बारीक आणि बुटका म्हणून नाकारलं. चौदाव्या वर्षी, तुमच्या मुलाच्या वयाचा असताना, तो सीमेपलीकडच्या स्पॅनिश क्लबाकडे गेला.

ताई, तेरा ते पंधरा या वयात शरीराची वाढ प्रत्येकाची वेगळी असते. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. निवड करणाऱ्याला त्या दिवशी जोरात पळणारा दिसतो. म्हणून जिथे निवड झाली नाही तिथे एक गोष्ट नक्की विचारा : उंची सोडून काय कमी पडलं? उत्तर चेंडू घेण्याबद्दल किंवा दुसऱ्या पायाबद्दल आलं, तर त्यावर काम करता येतं. उंची हेच उत्तर असेल, तर त्यात मुलाने करण्यासारखं काही नाही, आणि ते त्याला स्पष्ट सांगा. तो लहान अंगाचा आहे तोवर जिथे त्याला रोज पूर्ण वेळ खेळायला मिळेल असा संघ शोधा, मग तो कितीही साधा असो. बाकावर बसवणाऱ्या मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका.

तो कान्ते होईल असं मी लिहीत नाही. तसं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. चौदाव्या वर्षी संपलेलं नसतं, इतकंच मला ठाऊक आहे.

‘सगळ्यात लहान’ हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे का?

नाही. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिसचा वॉरन झाईर-एमरी जिब्राल्टरविरुद्ध सतरा वर्षं आठ महिन्यांचा असताना खेळला. गोलही केला, आणि तोच गोल करताना घोट्याला मार बसून वर्षअखेरपर्यंत बाहेर गेला. अशा विक्रमांवर मी फार जीव टाकत नाही.

तीन कोटी युरोंत रेनने त्याला विकला. एमबाप्पेचे अठरा कोटी झाले होते. रेनची फसवणूक झाली का? आणि अठराव्या वर्षी माद्रिदला जाणं घाईचं नव्हतं का?

पैशाचं आधी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी करार झाला, रक्कम सुमारे ३.१ कोटी युरो. रेनबरोबरचा त्याचा करार २०२२ च्या जूनमध्ये संपत होता. अजून एक मोसम थांबले असते तर तो फुकट गेला असता. विकणाऱ्याच्या हातात फारसं काही उरलेलंच नव्हतं. एमबाप्पे मोनाकोहून गेला तेव्हा त्याच्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती आणि त्याच्या पायाशी फ्रेंच लीगचं विजेतेपद होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

घाईचं मला तेव्हा वाटलं होतं. रेनमधलं त्याचं शेवटचं वर्ष जड गेलं. संघ पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा खेळत होता, निकाल मनासारखे येत नव्हते, मार्चमध्ये प्रशिक्षक ज्युलियाँ स्तेफाँ यांनी पद सोडलं. ज्या माणसाने सोळाव्या वर्षी विश्वास टाकला तोच गेला. आजोबांशी माझा यावर फोनवर वाद झाला. ते म्हणत होते की जाऊ दे त्याला, इथे आता प्रत्येक पराभवाला त्याचंच नाव घेतील.

त्यांचं बरोबर निघालं. १२ सप्टेंबरला सेल्ताविरुद्ध तो माद्रिदकडून पहिल्यांदा उतरला आणि सहा मिनिटांत गोल केला. पण ते वर्ष मला आठवतं ते दुसऱ्या कारणाने. मधल्या फळीत मोड्रिच, क्रूस, कासेमिरो असताना त्याच्या वाट्याला येत होती ती शेवटची वीस-पंचवीस मिनिटं. आणि तीच तो जगला. ४ मे २०२२, मँचेस्टर सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना, माद्रिद जवळजवळ बाहेर. नव्वदाव्या मिनिटाला कामाविंगाचा उंच चेंडू बेंझेमाकडे, त्याच्याकडून रोड्रिगोकडे, गोल. तिथून सगळं फिरलं. अंतिम सामना पॅरिसमध्ये, स्ताद द फ्रान्सवर होता. शेवटची काही मिनिटं तो तिथे उतरला, वय एकोणीस. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर तो कान्तेच्या जागी आला होता.

तो नेमका कुठे खेळतो? मला टीव्हीवर कधी मध्ये दिसतो, कधी डावीकडे मागे.

मधल्या फळीतला, हे त्याचं खरं ठिकाण. पण डावखुरा आहे आणि सांगाल तिथे उभा राहतो, त्यामुळे लेफ्ट बॅकची जागा रिकामी झाली की नजर त्याच्याकडे जाते. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना २-० पुढे असताना त्याला तिथेच उतरवलं होतं. फ्रान्सने ३-३ पर्यंत गाठलं आणि पेनल्टींवर हरलं. त्या रात्रीचं चित्रण मिळालं तर पाहा. चेंडू डावीकडे येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो, एकदा, मग पुन्हा एकदा.